आधी गावनकाशा, मग ट्रॅक

नवरात्र संपलं की मावळ, मुळशी, वेल्हे, भोर या पट्ट्यात माउंटन बायकिंगचा हंगाम खऱ्या अर्थाने सुरू होतो. खाचरातलं भात कापणीला आलेलं असतं, ओढ्यांचं पाणी उतरलेलं असतं आणि मुरमात अजून ओल असल्यामुळे टायरची पकड सुटत नाही. वर्षभराचे नवे रूटही याच दिवसांत आखले जातात. ग्रुप घेऊन जाणारे, सायकली भाड्याने देणारे, शर्यती भरवणारे आणि हौसेने ट्रॅक काढून चारचौघांत वाटणारे, अशा सगळ्यांशी या महिन्यात थोडं बोलायचं आहे.

आज रूट कसा आखला जातो, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री घरी बसून उपग्रहाचं छायाचित्र उघडायचं, हीटमॅपवर कुठे रेघ उमटली आहे ते पाहायचं, दोन तुकडे जोडायचे आणि रविवारी पहाटे गाडीवर सायकल चढवून निघायचं. वाट आहे एवढं त्या रेघेवरून कळतं. पण ती कोणाच्या बांधावरून जाते, कोणत्या महिन्यात बंद असते, कोणाच्या गोठ्यामागून निघते, यातलं काहीच त्यात नसतं. एकाच्या फोनमधला ट्रॅक दिवाळीपर्यंत शंभर जणांच्या फोनमध्ये पोचतो. मग एका सकाळी त्या वाटेवर काटेरी तार आडवी दिसते आणि आपण गावकऱ्यांच्या नावाने बोटं मोडतो.

ही वाट मुळात कोणाची, याचं उत्तर त्या मुलखाच्या नावातच आहे. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, मुठे खोरं, मोसे खोरं, गुंजण मावळ, कानद मावळ, हिरडस मावळ. इथला मुलूख नद्यांच्या खोऱ्यांनी वाटला गेला आहे. प्रत्येक खोऱ्यात नदीकाठाने गावोगाव जोडणारी गाडीवाट होती, खिंड ओलांडून शेजारच्या खोऱ्यात जाणारी पायवाट होती आणि घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी नाळ किंवा घाटवाट होती. विसाव्या शतकात या खोऱ्यांच्या तळाशी धरणांचं पाणी आलं. ठोकरवाडी, मुळशी, पवना, पानशेत, वरसगाव ही नावं आपण रूटच्या वर्णनात 'लेक व्ह्यू' म्हणून वापरतो. पण त्या पाण्याखाली जमिनी आणि वाटा दोन्ही गेल्या. मुळशीला 1921 साली सेनापती बापटांसारख्यांनी सत्याग्रह केला तो याच जमिनींसाठी. उरलेली वस्ती वर सरकली, वाटाही वर सरकल्या. पाणी उतरलं की पवनेच्या जलाशयातून वाघेश्वराचं जुनं देऊळ वर येतं, तसे काही ठिकाणी बुडालेल्या गाडीवाटेचे तुकडेही उघडे पडतात. तिथल्या सपाट गाळावरून सायकल पळवायचा मोह होतो, हे मान्य. पण पाणी उतरल्यावर त्या गाळावर काठचे लोक पीक घेतात. ती गाळपेर आहे. अंकुर नुसता बोटभर असतो, वेगात दिसतही नाही. बाहेरून आलेल्यांनी आपली जमीन नेली, ही आठवण ज्या गावात आजही घरोघर सांगितली जाते, तिथे गाळपेरीवर उमटलेला चाकाचा माग साधा राहत नाही.

आता वाटेच्या गुणाबद्दल. ट्रेल बांधणारे जगभर एक आडाखा पाळतात. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा आणि सरासरी चढ शेकडा दहाच्या आसपास राहायला हवा. त्याहून खडी वाट पावसाळ्यात ओहोळ होते; पाणी तिला आपला मार्ग समजतं, माती धुपते आणि खाली नुसते दगड उरतात. आपल्या जुन्या घाटवाटांपैकी ज्या लादलेल्या बैलांसाठी होत्या, त्या हा आडाखा कोणी न शिकवता पाळतात, कारण पाठीवर गोणी असलेला बैल सरळ सोंडेवर चढत नाही. आंदर मावळातून भिवपुरीकडे उतरणारा कुसूर घाट सावकाश चालत पाहिला, की कुठे वळण घेतलं, कुठे दगडाची पायरी बसवली, कुठे पाणी बाजूला काढून दिलं, हे सगळं दिसतं. लोणावळ्याहून राजमाचीच्या उधेवाडीला जाणारी 15-16 किलोमीटरची कच्ची वाट आपल्याकडच्या बहुतेकांनी पहिल्यांदा सायकलवर केलेली असते. तिच्याही ज्या टप्प्यांना पाण्याची वाट करून दिलेली आहे ते टिकून आहेत, आणि जिथे जीप-मोटरसायकलींनी चाकोरी पाडली तिथे दर पावसाळ्यात नवी घळ पडते. नवी वाट पाडण्याआधी जुनी शोधा, असं आम्ही म्हणतो ते यासाठी. ती बहुधा तुमच्या वाटेपेक्षा बरी आखलेली असते.

या जुन्या वाटा मरत आहेत. गावाला डांबरी रस्ता आला, दारात मोटरसायकल आली, आणि खिंडीतून पलीकडच्या गावी पायी जाणारं कोणी उरलं नाही. रस्ता यायलाच हवा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण न वापरलेली वाट दोन-तीन पावसाळ्यांत घाणेरीखाली जाते, आणि मधली जमीन विकली गेली की नव्या मालकाचं कुंपण थेट वाटेवर येतं. अशा वाटेवर महिन्यातून काही वेळा दहा सायकली गेल्या, तर ती वाट जिवंत राहते. इथे आपला उपयोग आहे, आणि तो लहान नाही.

म्हणून गावनकाशा. भूमी अभिलेख कार्यालयातून तो मिळतो, महाभूनकाशावर गटांच्या हद्दीही पाहता येतात. गावनकाशात एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट, दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, आणि दोन गावांच्या शिवेवरून जातो तो शिवरस्ता. नकाशावर असलेली वाट कुंपणाने अडली, तर ती बुजली असं समजायचं कारण नाही. शेताला जाणारी वहिवाटीची वाट अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार अडथळा दूर करायला सांगू शकतात. मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत दाद मागावी लागते. तो अर्ज शेतकऱ्याचा असतो, आपला नाही. आपण एवढंच करू शकतो की वाट कुठे आणि कधी अडली, हे तारखेसह, छायाचित्रासह त्याला वेळेत कळवायचं. इंग्लंडात 1949 च्या कायद्याने गावोगावच्या पायवाटा आणि घोडवाटांची नोंद करून अधिकृत नकाशे तयार करायला लावले. 1968 साली सायकलस्वारांना घोडवाटांवर जायचा हक्क मिळाला, तोही चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट देण्याच्या अटीवर. आधी नोंद झाली, हक्क नंतर आला. आपल्याकडे नोंद बरीचशी आहे, ती उघडून पाहणारे कमी आहेत.

आणि नकाशात जे नसतं ते गावातच विचारावं लागतं. बांधाचंच घ्या. जुलैत लावणी झालेल्या खाचराचा बांध वरून वाटेसारखाच दिसतो, पण आतून तो लोण्यासारखा मऊ असतो. मागचा ब्रेक दाबला की चाक घसरतं आणि बांधाच्या माथ्यावर चार बोटं खोल खाच पडते. खाचरातलं पाणी आधी तिथून झिरपतं, मग वाहू लागतं, आणि रात्रीच्या पावसात बांध फुटतो. वरच्या खाचराचं पाणी खालच्या लावणीवर पडून रोपं उपटून नेतं. सायकलवाला तोवर शहरात पोचून ट्रॅक चढवत असतो. म्हणून पावसाळ्यात बांधावर सायकल नको, खांद्यावर घेऊनसुद्धा नको. वाटेत ताटी आडवी असेल तर उघडून पलीकडे गेल्यावर पुन्हा लावायची. ती गुरं पिकात जाऊ नयेत म्हणून असते. देवराईतून ट्रॅक काढायचा नाही, वाट कितीही सुंदर असली तरी. राखीव वनात आणि ताम्हिणी, भीमाशंकर अभयारण्यांत वनविभागाला विचारल्याशिवाय ग्रुप न्यायचा नाही. ओढ्यावरचा साकव ओलांडताना एकेकाने, उतरून जायचं. 15 जून 2025 ला इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला, चार जीव गेले. त्यानंतर हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

या अंकापासून आम्ही एक पद्धत ठरवली आहे. गावनकाशाशी ताडून न पाहिलेला आणि वाटेवरच्या गावांशी बोलून न घेतलेला रूट या मासिकात छापला जाणार नाही. प्रत्येक रूटसोबत वाट कोणत्या महिन्यांत बंद ठेवायची, पाणी कुठे मिळतं, जेवणाची सोय कोणत्या गावात आधी सांगून होते, हेही छापू. याने आमच्याकडे येणारे रूट कमी होतील, ते चालेल.

तुमच्याकडे एखाद्या खोऱ्याचा ट्रॅक तयार असेल, तर तो पाठवण्याआधी दिवाळीच्या सुट्टीत एक फेरी सायकलशिवाय करा. तलाठ्याला भेटा, सरपंचाला भेटा, आणि गुरं चारणाऱ्या माणसाला हमखास भेटा. खिंडीतली वाट अजून चालू आहे का, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं. तो काय म्हणाला ते आम्हाला लिहून कळवा.