भाताला टॉनिक की वाण?

संजीवक जितके जास्त, तितके पीक जास्त, हा हिशेब बागायतदारांत इतका रुळला आहे की अहिल्यानगरच्या अकोले तालुक्यातल्या भातालाही तो सहज लावला जातो. ब्रासिनोस्टेरॉइड या संजीवकाच्या बाबतीत तो अर्धवट आहे. १९७९ साली रेप या मोहरीवर्गीय पिकाच्या परागांतून ते वेगळे केले गेले. भातात ते तयार करणारी जनुके पुढे एकेक करून सापडली. त्यांतली काही पूर्ण बंद पडली की रोप खुजे राहते, दाणा नीट धरत नाही. त्यावरून ‘मग वरून आणखी द्या’ असे म्हणणे ही उडी झाली. पान जिथे खोडाभोवतीच्या आवरणाला जुळते, त्या सांध्यातल्या वरच्या अंगाच्या पेशी याच संजीवकाने लांबतात आणि पान बाहेर कलते. कललेले पान खालच्या पानांचा उजेड अडवते. २००६ साली जपानी संशोधकांनी हे संजीवक बनवणारे ‘ओएस-ड्वार्फ-४’ जनुक बिघडलेला भात दाट लावला. संजीवक घटले, पाने ताठ राहिली आणि जादा खताशिवाय उत्पादन वाढले. दाणा बिघडला नाही, कारण ‘डी-११’ हे जोडीचे जनुक दाण्यातले काम सांभाळते.

यावर कोणी २००८ चा प्रयोग पुढे करील: त्यात संजीवक वाढवूनच झाडामागे १५ ते ४४ टक्के जास्त धान्य मिळाले. खरे आहे. पण ते जादा जनुक खोड, पाने आणि मुळे यांतच चालावे अशी तजवीज होती. कुठे वाढवायचे आणि कुठे आवरायचे, हे जनुक ठरवू शकते. टॉनिकच्या फवाऱ्याला तो विवेक कुठला? ‘स्टेरॉइडचा भात’ ही धास्ती तर फोलच, कारण हे द्रव्य प्रत्येक भाताच्या रोपात मुळातच असते. गावरान वाणाला हात लावू नये, हा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. पण आवडीने खाल्ला जाणारा इंद्रायणी हाही आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातलाच, आणि आयआर-८ चे ठेंगणेपण जिबरेलिन या दुसऱ्या संजीवकाच्या जनुकातून आलेले. खरी अडचण वेगळीच आहे: दाट आवणीला रोपे आणि मजुरी जास्त लागते, करप्याचीही भीती असते. तिचे उत्तर खाचरातच मिळेल. म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यासारख्यांनी जपलेल्या वाणांत ताठ पानाचे वाण हुडकावेत आणि भंडारदरा-घाटघरच्या ढगाळ खरिपात त्यांची दाट आवणी करून पाहावी. तोवर शेतकऱ्याने टॉनिकच्या बाटलीवर पैसा घालू नये.