विश्लेषण : फायब्रॉइडची शस्त्रक्रिया, रक्त चढवण्याआधी ते वाचवण्याचे काय?

गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी काढायचे ठरले, की अनेक ठिकाणी नातेवाइकांना आधी सांगितले जाते ते रक्ताची सोय करायला. रक्त हाताशी हवेच. पण ते कमी जावे म्हणून कोणती औषधे देणार, हा विषय मात्र निघतच नाही. तो निघायला हवा, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नव्हे, बराच आधी.

कारण सुरुवातच कमी रक्तावर होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार १५ ते ४९ वयोगटातील देशातील ५७ टक्के आणि महाराष्ट्रातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. त्यात फायब्रॉइडमुळे महिनोन्‌महिने पाळीत जास्त रक्त जाते. अशा महिलेला शस्त्रक्रियेतले अर्धा लिटर रक्त निरोगी महिलेपेक्षा फार महागात पडते.

औषधे कोणती?

गर्भाशय ठेवून फक्त गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेला मायोमेक्टॉमी म्हणतात. गाठ स्नायूत रुतलेली असते आणि तिच्याभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे असते. व्हॅसोप्रेसिन सलाईनमध्ये पातळ करून थेट गर्भाशयाच्या स्नायूत टोचले, की या वाहिन्या आकसतात. मिसोप्रोस्टॉल गर्भाशय आकुंचित करते. (गर्भपाताच्या संचातली गोळी ती हीच, तिचे नाव ऐकून दचकायचे कारण नाही.) ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड शिरेतून देतात, ते तयार झालेली रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. हे औषध स्वस्त आहे आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

पुरावा किती भक्कम?

कॉक्रेनच्या २०१४ च्या आढाव्यात १८ चाचण्या आणि १,२५० महिलांची माहिती तपासली गेली. मिसोप्रोस्टॉल आणि व्हॅसोप्रेसिनसाठी पुरावा मध्यम दर्जाचा, ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडसाठी कमी दर्जाचा ठरला. म्हणजे चमत्काराची अपेक्षा नको. प्रसूतीनंतर हमखास वापरले जाणारे ऑक्सिटोसिन इथे उपयोगी पडल्याचा पुरावा मिळाला नाही. गर्भार नसलेल्या गर्भाशयात त्या औषधाला प्रतिसाद देणारे ग्राही फार कमी असतात, हे त्यामागचे संभाव्य कारण.

धोका नाही का?

आहे. व्हॅसोप्रेसिन चुकून रक्तवाहिनीत गेले तर रक्तदाब एकदम चढतो, हृदयाचे ठोके मंदावतात. त्यामुळे ते टोचण्याआधी भूलतज्ज्ञाला सांगणे हा शिष्टाचाराचा नव्हे, सुरक्षेचा भाग आहे. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झाली असेल, तर ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड देण्यापूर्वी डॉक्टरांना ते कळायलाच हवे.

ही शस्त्रक्रिया बहुतांश वेळा ठरवून होते. हाताशी काही आठवडे असतात. तेवढ्यात लोहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शनने हिमोग्लोबिन वाढवता येते. गाठ मोठी असेल तर ती तात्पुरती आक्रसवणारी हार्मोनची इंजेक्शनेही आहेत, मात्र ती महाग पडतात. म्हणून 'रक्त किती लागेल?' यासोबत 'कमी जावे म्हणून काय देणार?' हेही पहिल्याच भेटीत विचारावे, आणि उत्तर केसपेपरवर लिहून घ्यावे.