उंदराच्या दाताची साक्ष

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गोवळकोंड्याचा किल्ला, चारमिनार, राजे आणि लढाया उभ्या राहतात. त्याहून मागे गेलो, तर हत्ती-गेंड्यांची अवाढव्य हाडे आपले मन वेधून घेतात. परंतु अतिप्राचीन काळी दक्षिणेतील रान कसे होते हे जाणायचे असेल, तर उंदीर, चिचुंद्री, वटवाघूळ अशा क्षुद्र मानलेल्या जीवांनाच विचारावे लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही साक्ष आपल्यापासून फार दूर नाही. हैदराबादच्या दक्षिणेस, कर्नूलच्या पलीकडे, बेतमचेर्ला गावाजवळ बिल्लासुरगम नावाच्या चुनखडीच्या गुहा आहेत. पूर्वी कर्नूल जिल्ह्यात असलेला हा भाग २०२२ पासून नंद्याळ जिल्ह्यात मोडतो. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट व त्यांचे पुत्र हेन्री यांनी १८८४-८५ च्या सुमारास तेथे उत्खनन केले. सापडलेल्या हाडांचे वर्णन रिचर्ड लिडेकर यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात मोठ्या श्वापदांबरोबर वटवाघळे, चिचुंद्र्या व उंदीरही होते.

लहान जीवांची साक्ष अधिक मोलाची का? हत्ती चारापाण्यासाठी कोसच्या कोस भटकतो. उंदराचे सारे आयुष्य एखाद्या शेताएवढ्या जागेत सरते. कोणी दाट झुडपात राहतो, तर कोणी उघड्या कोरड्या माळावर बीळ करतो. रान पालटले की तेथील उंदीरही पालटतात.

आता हे इवलेसे जीव गुहेत आणतो कोण? बहुधा घुबड. ते भक्ष्य सबंध गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी ओकून टाकते. शतकानुशतके अशा गोळ्या खाली पडत राहतात, त्यांवर माती चढते, थरावर थर साचतात. पुढे संशोधक एकेक थर वेगळा काढून ती माती बारीक चाळणीतून धुतात. हाती येतात ते तिळाएवढे दात. प्रत्येक जातीच्या दाढेवरील नक्षी निराळी असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची ओळख पटते.

अर्थात साक्षीदाराची उलटतपासणी हवीच. घुबड रानातील सर्वच प्राणी सारख्या प्रमाणात पकडत नाही. म्हणून दातांवर पाचकरसाच्या खुणा कितपत आहेत हे पाहून शिकारी कोण होता याचा अंदाज बांधतात, आणि मगच त्या काळच्या प्राणिसमाजाचे चित्र रेखाटतात.

बिल्लासुरगमविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. तेथे ओळखता आलेल्या लहानमोठ्या सस्तन प्राण्यांच्या २१ प्रकारांपैकी २० प्रकार निदान १ लाख वर्षांपासून आजतागायत टिकून आहेत. त्यांतील बहुतेकांचा माग तर २ लाख वर्षांपर्यंत लागतो. हवामान वारंवार पालटले, माणसांची संख्या वाढली, तरीही ते तगले. नाना प्रकारची राने एकमेकांना जोडलेली होती, म्हणून त्यांना आसरा मिळत गेला, असे संशोधकांचे अनुमान आहे. आज रस्ते, खाणी व वस्त्या यांनी ती राने तुटत असता हा इशारा आपण कानाआड करावा काय?

बेतमचेर्लाची फरशी प्रसिद्ध आहे. तो दगड काढून अनेक कुटुंबे पोट भरतात. त्या उद्योगास माझा विरोध नाही. परंतु फरशीचा दगड दुसरीकडेही मिळेल. उकरून फेकलेला थर मात्र पुन्हा रचता येणार नाही. अशा गुहांभोवती खाणकामास निश्चित मर्यादा असावी आणि त्यांच्या रक्षणात गावकऱ्यांनाही वाटा मिळावा.

विद्यार्थिमित्रांनो, सहलीला गेलात आणि गुहेत एखादे हाड दिसले, तर ते खिशात घालू नका. आपल्या थरात असलेला दात बोलतो; खिशातला दात मुका होतो. तो जागीच राहू द्या आणि आपल्या शिक्षकांना दाखवा.