दर रुपयामागचें पुण्य

संपत्तीची आणि धुराची फारकत झाली, असा शंखध्वनि अलीकडे आमचे अर्थपंडित वारंवार करीत असतात. आधार काय? तर 2005 पासून 2020 पर्यंत भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नांतील दर रुपयामागें हवेंत सोडला जाणारा कर्बवायु व त्याचे सोबती 36 टक्क्यांनीं घटले! आंकड्याविषयीं आमची तक्रार नाहीं. त्यावरून काढलेल्या अनुमानाविषयीं आहे. दर रुपयामागचा वायु घटला खरा, पण रुपये किती वाढले, हें विचारण्याचे श्रम कोणी घेत नाहीं. हें प्रमाण 2030 पर्यंत 2005 च्या मानानें 45 टक्क्यांनीं उतरवूं, असें भारतानें 2022 सालीं जगास कळविलें. ठीक. परंतु तेवढ्या अवधींत उत्पन्न चौपट झालें, तर वचन अक्षरशः पाळूनही एकूण वायु 2.2 पट होईल. मद्यप्यानें पेला निम्मा केला म्हणून व्यसनमुक्ति मिरवावी आणि पेले मात्र चौपट रिचवावे, त्यांतलाच हा प्रकार. जेव्हन्सनें 1865 सालींच इंग्लंडास बजावलें होतें कीं, काटकसरी यंत्रानें कोळशाचा खप घटत नाहीं, उलट वाढतो.

इंग्लंडचेंच उदाहरण आतां आमच्यावर उलटविण्यांत येतें. त्या देशानें 2024 च्या सप्टेंबरांत कोळशावरील शेवटचें वीजकेंद्र बंद केलें, आणि उत्पन्न वाढत असतां आपला वायु 1990 च्या सुमारें निम्म्यावर आणला. आम्हांस हें मान्य आहे. मात्र ही घट टनांतली आहे, नुसत्या गुणोत्तरांतली नव्हे. शिवाय परदेशाहून आणलेल्या मालाचा धूर त्या खात्यांत धरलेला नाहीं.

तर मग गरिबांनीं अंधारांत बसावें काय, असा प्रश्न येईलच. मुळींच नाहीं. अमेरिकेंत दर माणशीं सुमारें 14 टन कर्बवायु निघतो, आमच्याकडे 2 टन. आमचा हा खरा बचावही टनांतच मांडतां येतो. मग गुणोत्तराचा बुरखा हवा कशाला?

2020 चा आमचा टनांचा हिशेब 2024 च्या डिसेंबरअखेर संयुक्त राष्ट्रांकडे पोहोंचला. त्यांत 2019 हून सुमारें 8 टक्के घट दिसते. टाळेबंदीचें तें वर्ष. कारखाने थंड, रस्ते ओस, आणि 2020-21 चें राष्ट्रीय उत्पन्नही घसरलेलें. फारकत झालेलें हें जोडपें एकदमच आजारी कसें पडलें, तेवढें पंडितांनीं सांगावें.