छोट्या ट्रॅक्टरचें वंगण व आमची वही

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीं बैलाची खांदेमळणी करावयाची, ज्या खांद्यानें वर्षभर जूं वाहिलें त्यास लोणी-हळद चोळावयाची, ही आमच्या मराठवाड्यांतील शेतकऱ्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. गाडीच्या आंखास वंगण दिल्यावांचून गाडी रस्त्यास काढणारा मनुष्य गांवांत आळशी ठरत असे. तोच शेतकरी आज दारांतील छोट्या ट्रॅक्टरला दसऱ्याच्या दिवशीं झेंडूची माळ घालतो, कुंकू लावतो, नारळ फोडतो; परंतु त्या ट्रॅक्टरच्या इंजिनांतील तेल शेवटचें केव्हां बदललें, असें विचारलें असतां आकाशाकडे पाहूं लागतो. ह्या विसंगतीविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. ते दुसऱ्यास शिकविण्यापूर्वीं स्वतःच्या चुकीची कबुली म्हणून आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

१९८१ सालीं औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे भाग मिळून आमचा जालना जिल्हा झाला. अंबड व घनसावंगी तालुक्यांतील मोसंबी, कडवंचीचीं द्राक्षें, आणि सर्वत्र कपाशी व सोयाबीन, हें त्याचें आजचें रूप. २०१२-१३ च्या दुष्काळांत कित्येकांच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि दावणीचीं जनावरें छावणीस गेलीं. त्यानंतर ज्यांनीं पुन्हां बाग धरली, त्यांतील अनेकांच्या गोठ्यांत बैल परत आले नाहींत. त्यांच्या जागीं लहान ट्रॅक्टर आला. बागेच्या दोन ओळींतून फिरावा, फांदी मोडूं नये, फवारणीचें यंत्र व रोटाव्हेटर दोन्ही चालवावीं, असा हा पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा प्राणी. महिंद्रचा युवराज २१५ हा एका सिलिंडरचा व पंधरा अश्वशक्तीचा, तर कुबोटाचा निओस्टार बी २४४१ हा तीन सिलिंडरचा व चोवीस अश्वशक्तीचा. आकारानें लहान म्हणून त्याची निगाहि लहान असेल, असा जो समज सर्वत्र आढळतो, तोच ह्या लेखाचा विषय आहे.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत हयात घालविली. सात-बारा, फेरफार, जमाबंदी, वसुलीचे तक्ते, ह्यांतच केस पांढरे झाले. निवृत्तीनंतर वडिलोपार्जित जमिनींतील मोसंबीसाठीं एक छोटा ट्रॅक्टर घेतला. पन्नास तासांची पहिली सर्व्हिस विक्रेत्यानें करून दिली. पुढें ट्रॅक्टर पुतण्याच्या हातीं राहिला. तो पट्टी काढून दाखवी आणि म्हणे, "काका, ऑइल अजून चिकट आहे. कमी झालं तर वरून टाकूं. कशाला उगीच खर्च?" आम्हीहि मान हलविली. पुस्तकांत दर अडीचशें तासांस तेल व फिल्टर बदलण्यास सांगितलें होतें. म्हणजे तीनशें तासांस एकदां व साडेपांचशें तासांस दुसऱ्यांदा. आम्हीं एकदांहि बदललें नाहीं. तासांचा कांटा सहाशें चाळीसवर असतां, मृगाच्या तोंडावर, ट्रॅक्टर निळा धूर ओकूं लागला आणि दोन दिवसांनीं बागेच्या मध्यावर उभा राहिला.

मिस्त्रीनें इंजिन उघडलें तेव्हां तळाशीं डांबरासारखा गाळ निघाला. लायनर झिजलेलें, बेअरिंगवर ओरखडे पडलेले. हवेच्या फिल्टरच्या वाटींत तेलाऐवजीं चिखल होता. दुरुस्तीस अठ्ठेचाळीस हजार रुपये लागले आणि बावीस दिवस गेले. तेवढ्या दिवसांत पहिल्या पावसानंतरची मशागत हुकली, गवत गुडघ्याएवढें झालें. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आणावा तर तो झाडांच्या ओळींत शिरेना. दोन वेळां तेल व फिल्टर बदलण्याचा खर्च चार हजारांच्या आंत होता. ज्या हातानें आम्हीं दुसऱ्यांच्या थकबाकीच्या नोटिसा लिहिल्या, त्याच हाताच्या दारीं तीनशें चाळीस तासांची थकबाकी सांचली होती, आणि ती सव्याज वसूल झाली. दोष पुतण्याचा नव्हे. मालक आम्ही होतों, आणि लिहितां-वाचतां येणारेहि आम्हीच होतों.

आतां त्या "चिकट आहे" ह्या शब्दाचा विचार करूं. इंजिनांतील तेल केवळ वंगण नव्हे. तें पिस्टन व बेअरिंग थंड ठेवतें, धातूचा कीस व जळणाची काजळी आपल्यांत धरून ठेवतें, आणि जळणांतून होणारें आम्ल मारतें. हें धरून ठेवण्याचें व मारण्याचें सामर्थ्य त्यांत मिसळलेल्या द्रव्यांमुळें असतें व तें कामाच्या तासांबरोबर संपत जातें. डिझेल इंजिनांतील नवें तेल थोड्याच तासांत काळें होतें, म्हणून रंग पाहून कांहीं ठरत नाहीं. बोटाला चिकट लागतें, म्हणूनहि कांहीं ठरत नाहीं. जें ठरतें तें तासांवरून. शिवाय लहान इंजिनांत तेल मोठ्या इंजिनाच्या मानानें पुष्कळ कमी मावतें. तीच घाण थोड्या तेलास पेलावी लागते. वरून नवें तेल ओतणें म्हणजे नासलेल्या ताकांत चमचाभर ताजें दूध घालणें होय.

हें काम शेतकऱ्यास स्वतः करतां येतें. ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करावा, इंजिन थोडें चालवून तेल कोमट करावें व मग बंद करावें. कोमट तेल घाण घेऊन सहज वाहतें. तळाचा नट काढून तेल भांड्यांत पूर्ण निथळूं द्यावें. जुना फिल्टर काढतांना त्याची रबरी कडी इंजिनास चिकटून राहिली नाहीं ना, हें बोटानें पाहावें. जुन्या कडीवर नवी बसली तर तेल बाहेर पडतें. नव्या फिल्टरच्या रबरास नव्या तेलाचें बोट फिरवावें आणि फिल्टर हातानेंच घट्ट करावा, पान्यानें नव्हे. नटाचा वॉशर बदलावा. पुस्तकांत सांगितलेल्या प्रतीचें तेल घालून पट्टीवरील दोन खुणांच्या मध्यें ठेवावें. खुणेच्या वर भरणेंहि चूकच. इंजिन चालू करून तेलाचा दिवा विझला कीं नाहीं तें पाहावें, बंद करून थोड्या वेळानें पट्टी पुन्हां पाहावी. सर्व मिळून तासाभराचें काम आहे. वर्षांत ठराविक तास भरले नाहींत, तरी वर्षास एकदां तेल बदलावेंच. उभ्या इंजिनांतहि तें शिळें होतें.

तेलाच्या खालोखाल हवा. वैशाखांत आमच्या काळ्या जमिनींत रोटाव्हेटर फिरूं लागला म्हणजे चालक धुळीनें ओळखूं येत नाहीं. तीच धूळ इंजिन श्वासाबरोबर ओढतें. ती आंत शिरून तेलांत मिसळली म्हणजे सहाणेवर चंदन उगाळावें तसें लायनर उगाळलें जातें. तेलाच्या वाटीचा फिल्टर असेल तर धुळीच्या दिवसांत वाटी रोज पाहावी, तळाशीं चिखल बसला कीं धुऊन खुणेपर्यंत ताजें तेल भरावें. कागदी फिल्टर असेल तर तो दगडावर आपटूं नये. आंतून बाहेरच्या दिशेनें हलक्या दाबाच्या हवेनें फुंकावा, कागद फाटला असेल तर टाकून द्यावा. फाटका फिल्टर म्हणजे भोक पडलेली चाळणी. रबरी नळीचे पट्टे सैल असले तर चांगला फिल्टरहि व्यर्थ आहे.

डिझेलच्या फिल्टराची वाटी उघडून तळाचें पाणी नियमानें काढावें. कॅनमध्यें सांठविलेल्या डिझेलांत पाणी व कचरा येतो, आणि अर्धवट रिकाम्या टाकींत रात्रीच्या गारव्यानें पाणी धरतें; म्हणून टाकी संध्याकाळीं भरून ठेवणें बरें. हा फिल्टर बदलल्यावर वाहिनींतील हवा काढावी लागते, नाहीं तर इंजिन सुरू होत नाहीं आणि मनुष्य विनाकारण बॅटरी उतरवितो.

थंड करण्याच्या पाण्याविषयीं एक भ्रम सर्वत्र आहे: "कूलंट तें हिमाचलांत, जालन्यांत बर्फ कोठें पडतो?" कूलंट केवळ गोठण्यापासून वांचवितें असें नाहीं, तें उकळण्याची मर्यादा वाढवितें व गंज आवरतें. आमच्या बोअरचें पाणी ज्या भांड्यांत रोज तापतें, त्यास बसलेला पांढरा थर गृहिणीस विचारावा. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला कीं वैशाखांत इंजिन तापतें. कूलंट पुस्तकांतील मुदतीस बदलावें. आणि गरम रेडिएटरचें झांकण कधींहि उघडूं नये, तोंड भाजल्यावर उपाय नाहीं.

गिअर व हायड्रॉलिकचें तेल उशिरा बदलावें लागतें, बहुधा हजार तासांच्या सुमारास. म्हणूनच तें विसरलें जातें. पुष्कळ लहान ट्रॅक्टरांत गिअर, लिफ्ट व तेलांत बुडालेले ब्रेक ह्यांस एकच तेल असतें. त्यांत इंजिनाचें उरलेलें तेल ओतणें हा अविचार होय. तें दुधासारखें पांढरट दिसलें तर पाणी शिरलें आहे असें समजावें. चारहि चाकें ओढणाऱ्या ट्रॅक्टराच्या पुढच्या आंखांत वेगळें तेल असतें, हें तर कित्येक मालकांस ठाऊकच नसतें.

कोणी म्हणेल, हें सर्व कंपनीच्या माणसाचें काम आहे. हमीच्या मुदतींत काम अधिकृत ठिकाणीं करून पावती जपावी, हें आम्हांस मान्य आहे. परंतु मुदत संपल्यावर तालुक्याच्या गांवीं ट्रॅक्टर नेण्याचा एक दिवस मिळत नाहीं, म्हणून तेल राहून जातें. तेंच काम अंगणांत एका तासांत होतें. कोणी म्हणेल, अडाणी शेतकऱ्यास हें कसें साधेल? आमच्या वडिलांच्या पिढीनें विहिरीवरचीं ऑइल इंजिनें चालविलीं. त्यांतील कित्येकांस सही येत नव्हती. परंतु हँडल मारण्यापूर्वीं तेल पाहिल्यावांचून ते राहत नसत. तेव्हां उणीव अकलेची नव्हे, संवयीची आहे. स्वस्त म्हणून नकली फिल्टर घेणाऱ्यांस इतकेंच सांगतों कीं दोनशें रुपये वांचविण्यासाठीं कोणी बैलाच्या नाकांत कुजकी वेसण घालीत नाहीं.

आतां जुन्या तेलाची गोष्ट. तें बांधावर ओततात, नाल्यांत सोडतात, तर कोणी वाळवीसाठीं दारास लावतो. जळक्या तेलांत अपायकारक द्रव्यें असतात, आणि थोडेंसें तेल पुष्कळ पाणी नासवितें. ज्या जिल्ह्यानें टँकरच्या रांगेंत घागरी धरल्या, त्यानें तरी विहिरीजवळ हें विष ओतूं नये. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. तें अधिकृत पुनर्शुद्धी करणाऱ्याकडे जावें अशी अपेक्षा आहे. एकेका शेतकऱ्याच्या तीन लिटरांसाठीं कोणी खेड्यांत येणार नाहीं, हेंहि खरें. येथेंच आमच्या संस्थेचें काम सुरू होतें.

आमची सूचना तीन कलमांची आहे. पहिलें, संस्थेनें ट्रॅक्टरची एक वही छापावी. तींत तारीख, तासांचा कांटा, काय बदललें, कोणी बदललें, पुढील बदल किती तासांस, असे पांच रकाने असावेत. जमिनीस जसा सात-बारा तशी यंत्रास ही वही. सात-बाऱ्यावांचून जमीन विकतां येत नाहीं. वही असलेला जुना ट्रॅक्टरहि वहीवांचूनच्या ट्रॅक्टरपेक्षां चांगल्या भावानें विकला जाईल. दुसरें, अक्षय्य तृतीया व दसरा ह्या दोन सणांच्या आठवड्यांत प्रत्येक मोठ्या गांवीं एक दिवस तेल बदलण्याचें प्रात्यक्षिक करावें. खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्रास त्यासाठीं विनंती करावी. तास आधीं भरले तर तासांप्रमाणें बदलावें, न भरले तर सणाच्या निमित्तानें वही तरी उघडली जाईल. तिसरें, तेल व फिल्टर संस्थेनें एकत्र, पावतीसह खरेदी करावे आणि जुनें तेल एका पिंपांत जमवून अधिकृत माणसाच्या स्वाधीन करावें.

आमचा ट्रॅक्टर आतां पुन्हां बागेंत फिरत आहे. वही गोठ्याच्या खुंटीस टांगली आहे. तींत शेवटची नोंद नऊशें तासांची असून ती पुतण्याच्या हातची आहे. परवां त्यानें आपण होऊन विचारलें, "काका, हजार तासांस गिअरचं तेल येतं ना?" हा प्रश्न ऐकून आम्हांस जें समाधान झालें, तें तीस वर्षांत वसुलीचा एकहि तक्ता पूर्ण करून झालें नव्हतें. बैल थकला तर तो निदान मान टाकून सांगत असे. यंत्र मुकें आहे. त्याच्या वतीनें वहीनेंच बोलावें लागेल.