मूळ नोंद खोडू नये

वडिलांच्या स्मरणार्थ संगणकावर छायाचित्रांची पाने जुळवीत होतो. दुकानातील वहीपूजनाचे जुने छायाचित्र चौकटीत बसेना, म्हणून त्याच्या कडा कापल्या आणि त्याच फाईलवर जतन केले. पुढे आत्याबाईंनी पान पाहून विचारले, “दाराशी आई उभी होती, ती कुठे गेली?” आजीचे ते एकमेव छायाचित्र होते. कागदी प्रत पूर्वीच वाळवीने खाल्ली होती.

तेव्हापासून मी क्रम पाळतो. प्रथम प्रत काढून मूळ फाईल वेगळी ठेवावी. उजेड, रंग व ओरखडे यांची दुरुस्ती पान मांडण्यापूर्वी त्या प्रतीवर करावी. कडा मात्र मांडणी ठरल्यावरच कापाव्यात. चौकटीचा आकार तेव्हाच कळतो. शेजारच्या छायाचित्रांशी रंग जुळविणे अखेरीस करावे. छपाईसाठी इंचास ३०० पिक्सेल धरल्यास १२ इंच रुंद पानाला ३,६०० पिक्सेल लागतात. म्हणून छायाचित्र आधीच लहान करू नये. जेपेग फाईल पुनःपुन्हा बदलून जतन केल्यास तिचा दर्जाही घटतो.

रोजमेळातील चुकीची नोंद आपण खोडीत नाही, दुरुस्तीची वेगळी नोंद करतो. घरच्या छायाचित्रांनाही हाच नियम लावावा.