वस्तीवरची तार कोण ओढणार?



इंटरनेटचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं "रिचार्ज मारला का" इथंच संपतं. मोबाइल ही जोडणीची एक वाट झाली. पण घरातला संगणक, मुलीच्या अभ्यासाचा टॅब, दूध सोसायटीतलं बिलाचं यंत्र आणि आता उसाच्या सरीत उभा राहू लागलेला ओल मोजणारा खांब ही सगळी इंटरनेटला जोडली जातात कशी, आणि चांगली जोडणी आपल्या वस्तीपर्यंत का येत नाही, याचा विचार ऊस उत्पादकानं स्वतः केला पाहिजे. दुसरा कुणी तो आपल्यासाठी करणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंटरनेट आकाशातून पडत नाही. ते तारेतून येतं. समुद्राच्या तळातून आलेल्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. तिथून काचेच्या केसाएवढ्या बारीक धाग्यांतून, म्हणजे फायबरमधून, प्रकाशाच्या रूपानं माहिती रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या कडेनं जिल्ह्याला, तालुक्याला जाते. धरण, कालवा, वितरिका, चारी असाच हा क्रम समजा. मोबाइलच्या टॉवरलासुद्धा माहिती अनेक ठिकाणी फायबरनं पोचवलेली असते. शेवटचा एखाद-दोन मैलाचा टप्पा तेवढा हवेतून. म्हणून संध्याकाळी सगळं गाव एकदम मोबाइल उघडून बसलं की टॉवरच्या वाट्याचं पाणी सगळ्यांत वाटलं जातं आणि टेलच्या माणसाचं चाक नुसतं फिरत राहतं.

घरात फायबर आली तर ती एका लहान पेटीत संपते. ही पेटी प्रकाशाचे विजेच्या खुणांत रूपांतर करते. तिच्यातच किंवा तिच्याशेजारी राउटर असतो. बाहेरच्या जगाला साऱ्या घराचा एकच पत्ता दिसतो. आतल्या प्रत्येक यंत्राला राउटर स्वतःचा वेगळा क्रमांक देतो आणि कुणी काय मागवलं ते लक्षात ठेवून ज्याचं त्याला पोचवतो. एकत्र कुटुंबात टपाल कारभाऱ्याच्या हातात पडतं आणि मग ज्याचं पत्र त्याला मिळतं, तसंच. संगणकाला तार लावता येते, बाकीच्यांना वाय-फायनं हवेतून मिळतं. आपल्या जुन्या घरांच्या दोन हात जाडीच्या भिंती आणि लोखंडी कपाटं ही वाय-फायची वैरी. राउटर कपाटामागं न ठेवता घराच्या मधोमध, उंचावर ठेवावा. त्याला वीज लागते हेही विसरू नये. लाइट गेली की फायबर धड असूनही घर तुटतं, म्हणून छोटी बॅटरी जोडलेली बरी.

आता वसई-विरारकडे बघू. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं मुंबईच्या नोकरीपायी विरार, नालासोपारा भागात राहतात. एके काळी वसईच्या बागायतीत ऊसही होत असे. आज तिथं इमारतीला इमारत लागली आहे. तिथल्या दोन खोल्यांच्या घरातही जोडणी सहज मिळते, कारण हिशेब सोपा आहे. टीव्हीची केबल इमारतीवरून इमारतीवर नेणारी स्थानिक माणसं मुंबईच्या उपनगरांत आधीपासून होतीच, इंटरनेटची तार त्याच वाटेनं गेली. एक फायबर इमारतीपाशी आणायची आणि तिथं ती ३२ किंवा ६४ घरांत फोडायची. खर्च एका तारेचा, पैसे देणारी घरं साठ. आपल्या मळ्यात मात्र दोन किलोमीटर तार ओढली तर शेवटी आठ घरं आणि चार गोठे. कुठली कंपनी येईल? कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही, तिचा धंदा तसाच आहे. खाजगी भांडवल आपल्या नदीवर उपसा योजना करायला तरी कुठं आलं होतं?

या बाबतीत सहकारानं एक मोठा प्रयोग करून पाहिलेला आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणेच्या परिसरात १९९८ साली केंद्र व राज्य सरकारच्या मदतीनं कोल्हापूर-सांगलीकडची ७० गावं संगणकानं जोडण्याची योजना सुरू झाली. गावातल्या केंद्रांवर संगणक बसले. पुढं संशोधकांनी पाहिलं तेव्हा शेतकरी त्यांचा उपयोग मुख्यतः उसाचं वजन, खताची उचल आणि बिल बघायलाच करीत होते. जगाची माहिती देणारं इंटरनेट बाजूलाच राहिलं होतं. मग २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या साध्या संदेशावर तीच माहिती देऊन पाहिली. ते स्वस्त पडलं, आणि शेतकऱ्याला केंद्रापर्यंत हेलपाटाही नको.

याचा अर्थ काही जण असा काढतात की गावाला मोबाइल पुरे. मला हे पटत नाही. वजनाच्या पावतीला मोबाइल पुरेच. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानं उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग चालवला आहे, तशा प्रयोगातल्या शेतातल्या यंत्रालाही दिवसाकाठी चार आकडेच पाठवायचे असतात, त्याला सिमकार्ड चालतं. पण मुलीला तीन तासांचा वर्ग बघायचा असेल, घरी बसून कुणाला कंपनीचं काम करायचं असेल, तर त्याला तारच पाहिजे. विरारच्या भाड्याच्या खोलीतून चालणारी नोकरी आपल्या वाड्यातून का चालू नये? घरी येऊन म्हाताऱ्यांजवळ राहायची इच्छा असलेली पोरं केवळ या एका कारणासाठी परत जातात, हे मला फार लागतं.

तार गावापर्यंत आणण्याचं काम सरकारी योजनेत आहेच. २०११ पासून चाललेल्या आणि पुढं भारतनेट नाव मिळालेल्या योजनेतून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आणतात. परंतु अनेक गावांत ती पंचायतीच्या कुलूपबंद खोलीत येऊन थांबली. तिथून वस्तीपर्यंतचा टप्पा हीच आपली चारी. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं पीएम-वाणी योजना मंजूर केली; तिच्याखाली चहाची टपरीवालासुद्धा परवाना न काढता जोडणी घेऊन लोकांना वाय-फाय विकू शकतो. मग विकास सोसायटीला किंवा दूध संस्थेला काय अडचण?

"कारखान्यानं साखर करावी, हे नसते उद्योग कशाला?" असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. कारखान्यानं इंटरनेट कंपनी काढू नये, आणि यासाठी टनामागे एक पैसाही कपात होऊ नये. कपातीची यादी आधीच लांब आहे. जे घर जोडणी घेईल त्यानंच महिन्याचे पैसे द्यावेत, संस्था गावची असावी. कारखान्याच्या शेतकी खात्यानं मात्र दोन कामं करावीत. प्रत्येक गट ऑफिसनं आपल्या भागातली कोणती वस्ती पंचायतीपासून किती लांब, तिथं घरं किती, याची यादी तयार करावी. चीटबॉयला सगळे बांध पाठ असतात, त्याला हे आठ दिवसांचं काम. दुसरं, रस्त्यावरून गेलेली लोंबती तार उसानं भरलेल्या ट्रॉलीत अडकून तुटते, हे हंगामात आपण बघतोच. तेव्हा खांबांची उंची आणि ट्रॉली किती उंच भरायची, याचा नियम वाहतूक करारात घालावा. हे दोन्ही विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावेत, अशी सूचना मी लेखी देत आहे. तिला अनुमोदन देणाऱ्यांनी आपापल्या गट ऑफिसात नाव नोंदवावं.